पुस्तकात असं नाहीये!

पुस्तकावरून काढलेला सिनेमा बघायला आलेला पुस्तकाचा चाहता अंधारातसुद्धा ओळखता येतो. बाकीचे लोक पडद्याकडे बघत असतात. हा पडद्याकडे बघून मान हलवीत असतो. बाकीचे लोक मध्यंतरात वडे आणायला धावतात. हा शेजारच्या अनोळखी माणसाला गाठून, "मूळ पुस्तकात ही म्हातारी इतकी लवकर येत नाही हो," असे सांगत बसतो. तो अनोळखी माणूस बिचारा अर्धा उठलेला असतो आणि त्याचे अर्धे लक्ष वड्यांच्या रांगेकडे असते.

त्यातूनही मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचा चाहता म्हणजे या जातीतला सर्वांत कडवा. मुली वावटळीबरोबर उडून जातात, दाया छत्री धरून आभाळातून उतरतात, शाळेत पाढ्यांऐवजी चेटूक शिकवतात, अशी ती पुस्तके. ती वाचायची असतात दहाव्या वर्षी. दहाव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकाचा माणूस नुसता वाचक राहत नाही, वारस होतो. पुढे सिनेमावाल्याने त्यातली एक वीट जरी हलवली, तरी वडिलोपार्जित वाड्याच्या भिंतीत चुलतभावाने खिळा ठोकावा तसा हा तळमळतो.

आमच्या घराण्यात हा मान माझ्या भाचीकडे आहे. हॅरी पॉटरचे सातही खंड तिला, आमच्या आईला हरिपाठ यायचा तसे येतात. चौथ्या पुस्तकात, म्हणजे २००० सालच्या, जादूच्या चषकातून हॅरीचे नाव अवचित बाहेर पडते. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर त्याला, "तू नाव टाकलंस का?" अशा अर्थाचे काहीतरी विचारतात आणि ते शांतपणे विचारतात, असे लेखिकेने स्पष्ट लिहिले आहे. २००५ सालच्या सिनेमात हेच गृहस्थ तरातरा धावत येतात, पोराला धरून गदागदा हलवतात आणि ओरडतात. त्या क्षणी भाचीने माझे मनगट असे काही आवळले की घड्याळाचा पट्टा दोन दिवस उमटून होता.

"मामा, पुस्तकात असं नाहीये! पुस्तकात ते शांतपणे विचारतात!"

तिने हे सांगितले ते मात्र शांतपणे नव्हे. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून, "हो ना!" म्हटले. दोघांची ओळखदेख नव्हती. पण एका क्षणात दोघे एका गावचे झाले.

तिच्या तक्रारी एवढ्यावर थांबत नाहीत. हॅरीचे डोळे पुस्तकात हिरवे, पडद्यावर निळे. त्या मुलाला हिरव्या काचा लावून पाहिल्या, त्याच्या डोळ्यांना त्या सोसल्या नाहीत, हे कारण तिला मान्य नाही. स्नेप मास्तर गोष्टीच्या सुरुवातीला तिशीच्या उंबरठ्यावर आहेत; ॲलन रिकमनने ते काम केले तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. (याबद्दल मात्र ती चकार शब्द काढत नाही. रिकमन इतका मनात बसला आहे की आता पुस्तकातलाच स्नेप वयाने चुकलेला वाटतो.) आणि इतके सगळे चुकलेले ते आठही सिनेमे तिने इतक्यांदा पाहिले आहेत की मोजायचे आम्ही सोडून दिले आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे : चुकलेले आहे तर बघतेस कशाला?

चाहत्यांना विचारा, त्यांचे उत्तर ठरलेले असते. "सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक असला म्हणजे झालं, आम्हाला दुसरं काही नको." वरपक्षाचे "आम्हाला काही नको" जितपत खरे असते, तितपतच हेही खरे असते. जे सिनेमे पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपले गेले त्यांतले लोकांना काय आवडते हे नीट पाहिले, तर ते बहुधा नेमके पुस्तकात नसलेले निघते.

'विझर्ड ऑफ ऑझ'चेच घ्या. एल. फ्रँक बॉमचे पुस्तक १९०० सालचे, एम.जी.एम.चा सिनेमा १९३९चा. कॅन्सस नावाच्या रुक्ष मुलखातली डोरोथी नावाची मुलगी वावटळीत घरासकट उडते आणि ऑझच्या अद्भुत देशात जाऊन पडते. तिथे तिला जादूचे जोडे मिळतात. सिनेमातले ते माणकांचे लाल जोडे ठाऊक नाहीत असा माणूस अमेरिकेत सापडणे कठीण. बॉमच्या पुस्तकात ते जोडे चांदीचे आहेत. पटकथा लिहिणाऱ्या नोएल लँगलीने ते लाल केले, कारण टेक्निकलर नुकते हाती आलेले होते आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चांदीपेक्षा लाल रंग उठून दिसतो. म्हणजे कारण अगदी साडीच्या दुकानातले. पण त्या जोड्यांचा पुढचा इतिहास ऐका. त्यातला एक जोड २००५ साली, ज्युडी गार्लंडच्या जन्मगावी तिच्या नावाचे संग्रहालय आहे तिथून चोरीला गेला. चोराची समजूत अशी की त्यात खरी माणके जडवलेली असणार. निघाली काच आणि टिकल्या. (चोराने पुस्तक वाचलेले नसावे. नाहीतर त्याने आधी चांदीचा भाव काढला असता.) २०१८ साली पोलिसांनी तो जोड शोधून काढला आणि २०२४च्या डिसेंबरात त्याचा लिलाव झाला. बोली गेली २ कोटी ८० लाख डॉलरवर; वरची फी धरून सव्वातीन कोटी! एवढे पैसे कशाचे, तर पुस्तकात नसलेल्या वस्तूचे.

आणखी गंमत पुढेच आहे. १९८५ साली डिस्नेने 'रिटर्न टू ऑझ' काढला. तोवर बॉमची सुरुवातीची ऑझ-पुस्तके कोणालाही फुकट वापरता येत होती. लाल जोडे मात्र एम.जी.एम.चे, त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले. मूळ गोष्ट फुकट आणि तिच्यात मागाहून घुसडलेली थाप विकत! तीच गत दुष्ट चेटकिणीची. तिचा हिरवागार चेहरा १९३९च्या सिनेमाने दिला. बॉमच्या चेटकिणीला एकच डोळा आहे, पण ती हिरवी नाही. पुढे त्या हिरव्या रंगावर १९९५ साली 'विकेड' ही कादंबरी उभी राहिली, २००३ साली संगीत नाटक आणि २०२४-२५मध्ये दोन सिनेमे.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. पोथी आणि कीर्तन यांतला फरक आपल्या रक्तातच आहे. पोथी वाचायची ती घरात, एकट्याने, ओळीला ओळ धरून. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात शिरले की पोथीत नसलेले काय काय येईल याला हिशेब नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. पण बुवांनी देवळाच्या फरशीवर हवेतल्या हवेत ती ओढली की पुढे बसलेली बाई अभावितपणे पाय आखडून घेते. कोणी उभे राहून, "बुवा, वाल्मीकींत असं नाहीये," म्हणत नाही. कारण ती रेषा नसती तर त्या प्रसंगात काहीतरी कमी पडले असते असे आता आपल्याला वाटते. लाल जोड्यांचे तेच झाले आहे.

म्हणजे पुस्तकात नसलेले काहीही घातले की चाहते खूश, असा अर्थ कृपा करून काढू नका. सिनेमावाल्यांनी तो काढलेला आहेच आणि त्याची फळे आपण भोगतो आहोत. पुस्तकात नसलेल्या गोष्टींतही दोन जाती असतात : एक पुस्तकाच्या पोटातून आलेली, दुसरी बाहेरून आणून चिकटवलेली.

पोटातून आलेली कशी असते? बॉमच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा. माळ करडा, घर करडे, उन्हाने गवत करडे पडलेले, मावशीचे गाल करडे, काकाची दाढी करडी. तो शब्द इतक्यांदा येतो की वाचता वाचता डोळ्यांत धूळ जाते. सिनेमाने यातला एकही शब्द उच्चारला नाही. त्याने कॅन्ससचा सगळा भाग फिक्या तपकिरी रंगात काढला, जुन्या फोटोच्या अल्बमसारखा. मग घर आपटते, डोरोथी दार उघडते आणि दाराबाहेर रंग असतो. हे साधले कसे, तर दाराच्या आतली खोलीच तपकिरी रंगवून, दार उघडणाऱ्या मुलीच्या जागी दुसरी एक मुलगी तपकिरी झग्यात पाठमोरी उभी करून. चित्रफीत सबंध रंगीतच होती! लबाडी म्हणाल तर शंभर टक्के लबाडी. पण बॉमच्या पहिल्या प्रकरणाशी इतके इमान दुसऱ्या कोणी राखले नसेल.

किंवा १९७१चा 'विली वॉन्का' घ्या, रोआल्ड डालच्या १९६४च्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीवरचा. वॉन्का पहिल्यांदा लोकांसमोर येतो तो काठी टेकत, लंगडत. गर्दी चिडीचूप होते. मग काठी फरशीत रुतते, तो तोल जाऊन पुढे झुकतो आणि एक झकास कोलांटी घेऊन ताठ उभा राहतो. हे पुस्तकात नाही. जीन वाइल्डर या नटाने ही भूमिका घेताना अटच घातली होती की मी असाच येणार. म्हणजे या क्षणापासून मी खरे बोलतो की खोटे, हे कोणालाच कळणार नाही. डालच्या वॉन्काचा सगळा स्वभाव त्या एका कोलांटीत आला. डालला तो सिनेमा मुळीच आवडला नाही, ही गोष्ट वेगळी. लेखक आणि चाहते यांचे या बाबतीत क्वचितच जमते.

याच्या उलट नुसता आज्ञाधारकपणा. हॅरी पॉटरचे पहिले दोन सिनेमे, २००१ आणि २००२चे, वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलासारखे आहेत. सगळा गृहपाठ केलेला, समास आखलेला, खाडाखोड नाही. बघताना चूक काढता येत नाही आणि बघितल्यावर काही सांगावेसेही वाटत नाही. तिसरा, २००४चा, अल्फोन्सो क्वारोन याने काढला आणि पुस्तकातल्या मोठमोठ्या गोष्टी खुशाल गाळल्या. तो जादूचा नकाशा कोणी बनवला हे धड सांगितलेसुद्धा नाही. पण त्या पुस्तकाचा जीव काळ मागे फिरवण्यात आहे, हे त्याने ओळखले. म्हणून सिनेमाभर घड्याळाचा भलामोठा लंबक हलतो आणि मैदानातले ते मारकुटे झाड दर ऋतूला पाने झटकते, बर्फ झटकते. चाहत्यांनी खूप आरडाओरडा केला. आणि आज त्यांतले कितीतरी जण त्यालाच सर्वांत वरचा नंबर देतात.

बाहेरून चिकटवलेले कसे असते, तेही ऑझमध्येच आहे. १९३९च्या सिनेमाच्या शेवटी डोरोथी अंथरुणात जागी होते आणि सगळे मिळून तिला सांगतात की तुला डोक्याला मार लागला होता, ते स्वप्न होते. बॉमच्या पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे. डोरोथी परत येते ती वाळवंटावरून उडत. वाटेत चांदीचे जोडे कायमचे गळून पडतात आणि मावशी कोबीला पाणी घालायला बाहेर आलेली असते. वावटळीने नेले म्हणून काकाने घरही नवे बांधलेले असते. पुढे १९१०च्या पुस्तकात तर काका-मावशी ऑझमध्ये राहायलाच जातात! आता लहान मुलाला, "अरे, ते स्वप्न होतं," असे सांगणे म्हणजे हातातला लाडू काढून घेऊन, "अरे, ते लाडवाचं चित्र होतं," असे सांगण्यासारखे आहे. मोठ्यांच्या समजुतीसाठी मोठ्यांनी केलेली ही तडजोड. आपल्या भोवतीने वाकलेले ते तीन गडी डोरोथी ओळखते, तेच तिकडचे बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह, म्हणून आपले डोळे भरून येतात आणि त्या पाण्यात ही तडजोड खपून जाते. मी ती खपवून घ्यायला तयार नाही.

आणि मग आहेत लेखकाच्या डोळ्यांतले पाणी. पी. एल. ट्रॅव्हर्स या बाईंनी 'मेरी पॉपिन्स' १९३४ साली लिहिले. वॉल्ट डिस्नेने त्याच्या हक्कांसाठी जवळजवळ वीस वर्षे त्यांचा पिच्छा पुरवला. १९६४च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला पहिला खेळ झाला. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि बाई खुर्चीत बसून रडल्या. आनंदाने नव्हे. त्यांची मेरी पॉपिन्स कडक, तुसडी, दुकानाच्या काचेत स्वतःचे रूप न्याहाळणारी आणि केलेल्या जादूचा खुलासा कधीही न करणारी. पडद्यावर आली ती गोड गळ्याची ज्युली अँड्र्यूज, मागेपुढे चितारलेले पेंग्विन नाचवत. मुलगी सासरी किती सुखात आहे हे सगळे गाव सांगत असावे आणि आईने म्हणावे, "पण ही माझी मुलगीच नव्हे," तशी गत.

बाईंचे खरेच होते. तो सिनेमा मला आवडतो. पण ज्या मुलाने फक्त सिनेमाच पाहिला, त्याला थोडी भीती वाटावी अशी दाई कधी भेटलीच नाही, हे नुकसान कोणत्याही गाण्याने भरून निघत नाही. तरी चाहते काय जपतात ते पाहा. धुराडी साफ करणाऱ्या बर्टचे काम करणारा डिक व्हॅन डाइक हा अमेरिकन नट लंडनच्या गल्लीतली बोली इतकी भयानक बोलला आहे की २०१७ साली त्याने ब्रिटिश लोकांची त्याबद्दल थट्टेने माफी मागितली. पण तो बर्ट शुद्ध बोलू लागला तर लोक पैसे परत मागतील. आणि त्यातले वडील, बँकेतले बँक्ससाहेब! पुस्तकात त्यांना फारसे काम नाही. सिनेमात नोकरी जाणार हे कळल्यावर ते रात्री रिकाम्या रस्त्याने एकटेच बँकेकडे चालत जातात. आठव्या वर्षी हा भाग आला की मुले पाणी प्यायला उठतात. चाळिसाव्या वर्षी तीच मुले याच जागी पोराबाळांना गप्प बसवतात.

"पुस्तक कुठे गेलंय? ते आहेच की कपाटात," असे म्हणून या नुकसानीची समजूत घालण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी. पुस्तक कपाटात असते, पण डोक्यातले चित्र जाते. मी ऑझचे पुस्तक लहानपणी वाचले ते चित्रे नसलेल्या प्रतीत. माझी डोरोथी परकर-पोलक्यातली होती, दोन वेण्यांची. कॅन्सस मी पाहिलेले नव्हते. पण माळ, धूळ, करपलेले गवत आणि पावसाची वाट बघून सुकलेली माणसे म्हटल्यावर मी तिला सरळ माणदेशात नेऊन ठेवले होते. तिची वावटळ म्हसवडच्या बाजूने यायची. पुढे एका फिल्म सोसायटीच्या खेळाला तो सिनेमा पाहिला आणि परकरातली मुलगी गेली. पुन्हा पुस्तक उघडले की निळ्या चौकटीच्या झग्यातली ज्युडी गार्लंडच दार उघडते. परकरातल्या मुलीला किती हाका मारल्या, ती येत नाही.

मग हे नुकसान सोसून माणसे का जातात? त्या खेळाला डोरोथीने दार उघडले आणि पडद्यावर रंग आला, तेव्हा सबंध सभागृहातून एक "आ" उमटला. दोन-तीनशे माणसांचा एक "आ". माझा त्यात होता. शेजारच्या पिकल्या मिशांच्या गृहस्थांचाही होता. पुस्तक एकट्याने वाचायचे असते. पांघरुणात बॅटरी लावून आपण ज्या देशात जाऊन आलो, त्याला साक्षीदार नसतो. आईला सांगावे तर ती म्हणते, "झोप आता." मित्राला सांगावे तर तो हसतो. हळूहळू आपल्यालाही वाटू लागते की आपण गेलोच नव्हतो, स्वप्न होते ते. सिनेमा हा त्या प्रवासाचा पंचनामा आहे. तपशील चुकतात, रंग चुकतात, वये चुकतात. पंचनाम्यात ते चुकायचेच. पण जागा खरी होती आणि इतकी माणसे तिथे जाऊन आली आहेत, एवढे त्यात लेखी नोंदले जाते. "पुस्तकात असं नाहीये" हे म्हणायलासुद्धा शेजारी कोणीतरी पुस्तक वाचलेले लागते. चाहत्यांची ती तक्रार नसते, ती खूण असते. वारकरी वाटेत भेटल्यावर एकमेकांच्या पाया पडतात, तशातलाच हा प्रकार. फक्त इथे पाया पडण्याऐवजी भांडतात.

बॉमच्या पुस्तकातले पाचूनगर हिरवे असते ते का, ठाऊक आहे? वेशीवरचा पहारेकरी आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवतो आणि मागे कुलूप घालून किल्ली स्वतःजवळ ठेवतो. शहर इतर शहरांसारखेच. हिरवेपण सगळे चष्म्यात. सिनेमावाल्यांनी चष्मे गाळले आणि शहरच हिरवे रंगवून टाकले. पुस्तकाचा चाहता हे बघून मान हलवणारच. पण चष्म्यातले हिरवे ज्याचे त्याला दिसते, ते दुसऱ्याला दाखवता येत नाही. रंगवलेल्या हिरव्याकडे बोट तरी दाखवता येते : बघा, असंच होतं, म्हणजे अगदी असं नव्हतं, थोडं गडद होतं, आणि ती वेस डावीकडे होती. पण होतं खरं.